चालू आहे का?

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी यायच्या आधी तिचं गाणं येतं. ते दोन गल्ल्या अलीकडे ऐकू आलं की गॅसवरचं दूध उतरवायचं, डबे उचलायचे, चपला शोधायच्या आणि फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. अख्ख्या इंदूरच्या हे आता अंगवळणी पडलंय. ओला, सुका, प्लास्टिक, पॅड-डायपर, औषधं-ट्यूबलाइटचा घातक कचरा, आणि शेवटचा लहानसा डबा विजेच्या सामानाचा. त्या सकाळी माझ्या हातात सासूबाईंची इस्त्री होती. काळ्या मुठीची, जड, कापडी वेणीची वायर असलेली. गाडीवरच्या ताईने ती घेतली, उलटी केली, तळावरचा जळका डाग अंगठ्याने खरवडून बघितला आणि विचारलं, "आंटी, इसमें बिगड़ा क्या है?" मी म्हटलं, पता नहीं, बहुत साल से पड़ी है. "चालू है?" मी म्हटलं, "शायद." तिने एकदा इस्त्रीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मागे अडकलेल्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, ड्रायव्हरने क्लच सोडला, आणि इस्त्री ठण्णकन त्या लहान डब्यात पडली.

ते "शायद" दिवसभर कानात राहिलं.

फेकल्याचं दुःख नव्हतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या स्वतः वस्तूंच्या बाबतीत अजिबात हळव्या नव्हत्या. खटकत होतं ते एवढंच, की एवढी साधी गोष्ट मला सांगता येऊ नये. खिडकीत ठेवलेली बरणी फुटकी आहे की धड, हे लांबून कळतं. साडीचा काठ विरला असेल तर दिसतो. पण बंद पडलेली इस्त्री आणि चालू इस्त्री या दोघींचा चेहरा एकच. नुसत्या बघण्याने काही कळत नाही, लावून बघावी लागते. आणि लावून बघायला भीती वाटते, कारण ती कापडी वायर आत कुठे उघडी पडली आहे कुणास ठाऊक. मग आपण ती टांडेवर, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, ठेवून देतो, आणि टांडेवर ठेवलेल्या वस्तूला कोणी काही विचारत नाही.

रामबागेतलं आमचं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट झाले, तेव्हा टांडा रिकाम्या करायचं काम माझ्याकडे आलं होतं. एक-एक वस्तू खाली येत होती आणि नवरा खालून नावं सांगत होता. मर्फीचा रेडिओ, लाकडी खोक्याचा. तो लावला की आधी व्हॉल्व्ह तापायचे, आणि आवाज येईपर्यंत मालवा हाउसमधल्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, निवेदकाचं अर्धं वाक्य निघून गेलेलं असायचं. इंदूरची आकाशवाणी 1955ची. सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घरातला रेडिओ तिच्याहून थोरला. त्याच्याबरोबर, तेव्हा रेडिओला लागायचं त्या लायसन्सचं पुस्तक, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. मग काटा असलेला स्टॅबिलायझर. व्होल्टेज पडलं की तो आतून टक्क करायचा आणि संध्याकाळी शेजारीपाजारी एकदम टकटक सुरू व्हायची. सरकत्या दारांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. झाकण नसलेली मिक्सरची दोन भांडी. ट्यूबलाइटचे चोक, पाच-सहा, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. आणि एक टोस्टर, जो कोणी आणला हे कुणालाच आठवेना.

या सगळ्यातलं काहीही "फेकलं" नव्हतं. प्रत्येकाचा खटला प्रलंबित होता. चोक ठेवले, कारण एखादा उपयोगी पडेल. मिक्सरची भांडी ठेवली, कारण तसाच मिक्सर पुन्हा मिळाला तर. स्टॅबिलायझर ठेवला, कारण मध्य प्रदेशात राहून विजेवर कायमचा विश्वास कोण ठेवणार? 2000 सालच्या आसपासची ती भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली आहेत, त्यांच्या घरात आजही एखादी मेणबत्ती ठरलेल्या जागीच सापडेल. तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर आले. मात्र त्याच्या बॅटरीला कधी टांड बघावी लागली नाही. नवी घेताना जुनी दुकानात द्यायची, शिशाच्या वजनाचे पैसे वळते व्हायचे. 2001पासून तसा नियमही आहे, पण आमच्याकडे नियमाआधी घासाघीस होती. जुन्या बॅटरीचे दोनशे रुपये जास्त मिळावेत म्हणून सासऱ्यांनी महाराणी रोडच्या तीन दुकानांत उभं राहून वाद घातल्याचं मला चांगलं आठवतं. ज्या वस्तूला मेल्यावरही भाव असतो ती घरात अडकून पडत नाही.

अटालेवाल्याने, म्हणजे भंगारवाल्याने, त्या दिवशी सगळं बघितलं. रेडिओ उचलला, ठेवला. स्टॅबिलायझर हातात घेताच त्याचा चेहरा खुलला, कारण आत तांब्याचं जाडजूड वायंडिंग. टीव्हीला मात्र तो हात लावेना. "इसकी ट्यूब का कुछ नहीं आता, भाभीजी." ट्यूबच्या मानेवर तांब्याची गुंडाळी असते, तेवढी काढून घेतात आणि काच कुठेतरी टाकून देतात. त्या काचेत शिसं असतं. जुन्या मोठ्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये तर किलोच्या हिशेबात. म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं शिसं भांडून विकलं जातं आणि टीव्हीच्या काचेतलं शिसं फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. एकच धातू, एकाच घरातला. फरक इतकाच की एकातून तो सहज निघतो, दुसऱ्यातून निघत नाही.

सगळ्यात उशिरा खाली आला तो कूलर. तो टांडेवर नव्हताच, गच्चीत होता. आणि तो एकटाच नव्या घरी आला.

कूलरबद्दल मला थोडं जास्त लिहू द्या, कारण इंदूरच्या उन्हाळ्यात त्याच्याइतका जवळचा कोणी नाही आणि त्याच्यावर कोणी ललित लिहीत नाही. आमचा पत्र्याचा, कुठल्याशा गल्लीत ठोकून केलेला, कंपनीबिंपनी नाही. दर वर्षी एप्रिल लागायच्या सुमाराला तो गच्चीतून उतरतो. तळाला गंज धरलेला असतो, तो घासायचा, डांबरासारखा काळा रंग फासायचा. तिन्ही जाळ्यांतली जुनी गवताची गादी काढायची. हातात आली की तिचा भुगा होतो आणि नाकात वर्षभराची धूळ जाते. नवी गादी भरायची, हौस असेल तर एका बाजूला खस. पहिलं पाणी सोडल्यावर जो वास येतो त्याने डोकं शांत होतं. पंप बंद पडला? दोनशे-अडीचशेचा नवा. पंख्याची मोटर जळाली? वायंडिंग करून आणा. हवा कमी येते? कंडेन्सर बदला. पाती वाकडी झाली? हाताने सरळ करा. या कूलरमध्ये आता मूळचं काय उरलंय, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला तेव्हा तो विचार करून म्हणाला, "दोन पाय." तरी तो तोच कूलर आहे. त्याचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो, सुटा निघतो, आणि तो खोलायला साध्या स्क्रूड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही. शेजारच्यांचा प्लास्टिकचा, चाकांचा, रिमोटचा कूलर तिसऱ्या उन्हाळ्यात गेला. त्याचं एक कार्ड जळलं होतं आणि ते कार्ड आता येत नाही असं त्यांना सांगितलं गेलं. बाकी सगळा कूलर धडधाकट. पाणी भरून बघितलं तर पंपही चालत होता.

इस्त्रीचं डोक्यातून जात नव्हतं म्हणून मी एकदा राजवाड्यामागे मास्टरच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मास्टर स्टुलावर, आणि गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभं राहायचं. आत छतापर्यंत मिक्सर, पंख्यांचे मधले गोळे, इस्त्र्यांचे तळ, तारांची भेंडोळी; जळक्या वार्निशचा वास कायमचा. मास्टरांशी आमच्या घराची ओळख जुनी. सासरे त्यांच्या वडिलांकडे यायचे. मी विचारलं, वस्तू चालू आहे की नाही हे तुम्ही कसं ओळखता? ते हसले आणि भिंतीवरच्या लाकडी फळीकडे बोट केलं. एक शंभरचा पिवळा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेल्या दोन तारा. वस्तूच्या दोन पिनांना तारा लावल्या आणि बल्ब लागलाच नाही, तर आत कुठेतरी रस्ता तुटला आहे. मग एक तार पिनेला ठेवून दुसरी बॉडीला टेकवायची. आता बल्ब लागला, तर वस्तू करंट मारते. "पहिलं बिघडलं तर वस्तू गेली," मास्टर म्हणाले, "दुसरं बिघडलं तर माणूस जाईल. म्हणून दुसरं आधी बघायचं." आणि बघता बघता त्यांनी एका बाईंचा मिक्सर उलटा केला, बुडाचं लाल बटण अंगठ्याने दाबलं आणि परत दिला. भार जास्त झाला की ते बटण उडतं आणि मोटर वाचते; दाबलं की पुन्हा चालू. बाई पैसे विचारू लागल्या, त्यांनी मान हलवली. असे मिक्सर किती येतात, मी विचारलं. "येतात. आणि जे इथे येत नाहीत ते कुठे जातात, ते तुम्ही सांगा."

मिक्सर सहसा मोठ्या कारणाने मरत नाही. आर्मेचरवर घासणारे कार्बनचे दोन तुकडे झिजतात, ठिणग्या उडतात, घरातले घाबरतात. कार्बन चणा-फुटाण्याच्या भावात मिळतो. भांड्याखालचा कपलर तुटतो. तो तुटावा म्हणूनच मोटरपेक्षा कमजोर केलेला असतो. इस्त्रीत अभ्रकाच्या पानांमध्ये नायक्रोमची पट्टी असते, ती तुटली तर एलिमेंट बदलायचं, नाहीतर थर्मोस्टॅटची पत्ती साफ करायची. पण एका वस्तूवर अर्धा तास बसायचं तर मास्टरांनाही घर आहे. दीडशे रुपये सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात एक्स्चेंजमध्ये नवीन येतो. एलईडी बल्बचं त्यांनी करून बघितलं होतं. आतली जळकी प्लेट काढायची, नवी बसवायची, खोका तोच. चालतं. पण लोक गॅरंटी मागतात, आणि ज्याची गॅरंटी नव्या बल्बालाही धड नसते ती जिन्याखाली बसलेल्या माणसाकडे का मागतात, हे त्यांना अजून समजलेलं नाही.

मी घरी येऊन उत्साहाने जुना मिक्सर त्यांच्याकडून ठीकठाक करून आणला आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या रेखाला विचारलं, नेतेस का? तिने भांडं लावून बघितलं, झाकण बघितलं, वायर बघितली. मग अगदी प्रेमाने म्हणाली, "दीदी, मेरे पास साढ़े सात सौ वाट का है. किश्तों पे लिया." माझा पाचशेचा. आमच्या टांडेवरून उतरलेलं सगळं कुणाला तरी हवंच असणार, हा एक मध्यमवर्गीय लाडका समज आहे. दिवाळीच्या आवराआवरीत तो विशेष फुलतो. रेखाने पुढे जे सांगितलं ते जास्त कामाचं होतं. तिच्या बहिणीला कुणीतरी गिझर दिला होता, चांगला होता म्हणे, पण त्यांच्या खोलीत तीन पिनांचं बटण असलं तरी अर्थिंगची तार नुसतीच भिंतीत गेलेली. दोन दिवसांत झटका बसला. तेव्हापासून त्या घरात दिलेली विजेची वस्तू घेत नाहीत. दिलेली साडी घेतात, पातेली घेतात, सायकलही घेतली.

शहरात जुन्या वस्तू देण्या-घेण्याची केंद्रं आहेत. 2023च्या मे महिन्यात देशभर ती उघडली, तेव्हा आमच्याकडेही उघडली. मी जिथे गेले तिथे स्वेटर होते, शाळेची दप्तरं होती, टेडी बेअर तर इतके की त्यांचंच एक संमेलन भरलं असतं. विजेच्या वस्तू एका कोपऱ्यात, थोड्या, आणि त्यांच्याजवळ कोणी थांबत नव्हतं. स्वेटर अंगाला लावून बघता येतो. हेअर ड्रायर अंगाला लावून कोण बघणार? तिथे मास्टरांची ती पिवळ्या बल्बची फळी हवी होती आणि फळीशेजारी एक माणूस, ज्याने चिठ्ठी चिकटवून म्हणावं, ही मी बघितली आहे, करंट मारत नाही. वस्तू देणारे भरपूर आहेत. घेणारेही असतील. मधला जामीन राहणारा नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या शहराचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. 2017पासून स्वच्छतेत पहिला नंबर लागत गेला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन करकरून मीही सांगितलं आहे. भाजीची देठं, आंब्याच्या कोयी, पोह्यांतला कढीपत्ता देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. दिवसाला 550 टन ओला कचरा पचवण्याची त्याची क्षमता, आणि निघालेल्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. ओल्या कचऱ्याला पुढचा जन्म मिळाला आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. विजेच्या सामानाचं तसं दिसत नाही. जगभरात 2022 साली 6.2 कोटी टन असा कचरा झाला, आणि त्यातला नीट नोंद होऊन पुनर्वापरात गेलेला भाग पावही नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या नियमांनी वस्तूंची यादी 21 प्रकारांवरून 106वर नेली, आणि कंपन्यांनी किती माल परत घेतला याचा हिशेब सोनं, तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम या धातूंच्या वजनात लावला. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही नियमांत जागा आहे, पण तिथवर पोचायला नोंदणी, पोर्टल, प्रमाणपत्र. मास्टरांच्या जिन्याखाली पोर्टल शिरणार कुठून? आणि जे या वाटेने जात नाही ते अटालेवाल्याकडून गोदामात, गोदामातून ट्रकने दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला. तिथे तारा जाळून तांबं काढतात, कार्डं तेजाबात बुडवतात, आणि तो धूर तिथली मुलं श्वासात घेतात. आपली गल्ली मात्र चकाचक.

यात मला जे आवडत नाही ते असं, की स्वच्छता आणि दुरुस्ती यांचं आतून पटत नाही. स्वच्छतेला वस्तू सकाळी आठच्या आत घराबाहेर हवी. दुरुस्तीला ती पडून राहायला हवी, कधी महिनाभर, कधी वर्षभर, पार्ट मिळेपर्यंत. मास्टरांच्या दुकानातला प्रत्येक मेलेला मिक्सर हा दुसऱ्या एखाद्या मिक्सरचा कपलर, बुश किंवा बेअरिंग आहे. आवरलेल्या दुकानात दुरुस्ती होत नाही. मध्यंतरी त्या गल्लीचं सुशोभीकरण झालं, भिंतींवर चित्रं आली, आणि मास्टरांना बाहेर ठेवलेले पंखे आत घ्यावे लागले. आत जागा नव्हती. त्यांनी काही आर्मेचर तांब्याच्या भावात विकून टाकली. भिंतीवर आता छान मोर आहे.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, इतकं लांब नव्हे, पण लिहिलं. दोन अंगठे, एक हात जोडलेले, आणि सेक्रेटरी कुळकर्णी काकांचा प्रश्न: मग करायचं काय? मी म्हटलं, मास्टरांना एका रविवारी पार्किंगमध्ये बसवू. ज्याच्याकडे जे पडून आहे ते आणा, ते फळीवर लावून सांगतील. चालू असेल त्यावर चिठ्ठी, कुणाला हवी असेल तो घेऊन जाईल. किरकोळ असेल ते तिथेच. बाकीचं सोमवारी गाडीत. मास्टर तयार झाले. त्यांच्या अटी तीन: चांगल्या अर्थिंगचं बटण, चहा, आणि प्रत्येक वस्तूमागे बघण्याचे वीस रुपये, वस्तू चालू निघो की बंद. वीस रुपयांवर ग्रुपवर जी चर्चा झाली ती मी इथे देत नाही. देशपांडे वहिनींच्या मते हे समाजकार्य आहे, तर पैसे कशाचे? मी म्हटलं, जामीन राहण्याचे. त्यांनी त्यावर हसरा चेहरा टाकला.

शेवटी वीस रुपये मान्य झाले आणि गाडी भलत्याच ठिकाणी अडली. काकांचं म्हणणं, संध्याकाळी चारपर्यंत पार्किंग झाडून स्वच्छ पाहिजे, एकही स्क्रू दिसता कामा नये, तपासणीवाले कधीही येतात. मास्टरांचं म्हणणं, रविवारी पार्टची दुकानं बंद, तेव्हा खोललेल्या वस्तू आठवडाभर तरी कुठेतरी राहायला हव्यात. मी मीटरच्या खोलीतली मागची फडताळं सुचवली. काका म्हणाले, तिथे आधीच सोसायटीचा जुना पंप पडून आहे. मी विचारलं, चालू आहे का? ते म्हणाले, बघावं लागेल. मग मास्टरांच्या यादीत पहिला तोच लिहिला. वीस रुपये सोसायटीच्या खात्यातून.